कापडी छत आणि हरित प्रमाणपत्र: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

टेन्साइल छताच्या, म्हणजे ताणून बसवलेल्या कापडी छताच्या, माहितीपत्रकावर हिरवं पान हमखास छापलेलं असतं आणि त्याखाली 'लीड गुणांसाठी उपयुक्त' अशी एक ओळ. लीड म्हणजे पर्यावरणस्नेही इमारतींना गुण मोजून दिलं जाणारं हरित प्रमाणपत्र. ती ओळ खोटी नसते. पण तिच्यावर विसंबून "छताचे पाच-सहा गुण धरूनच चाला" असं मालकाला सांगून मोकळे झालेले आर्किटेक्ट मी पाहिले आहेत, आणि अर्जाच्या शेवटच्या टप्प्यात त्यांची उडालेली धांदलही. अशा अर्जांचे कागद जुळवणं हेच माझं काम. छत शिवणारा फॅब्रिकेटर, ऊर्जेचा हिशेब मांडणारा, आर्किटेक्ट आणि पलीकडे बसलेला परीक्षक, प्रत्येकाला छतातलं वेगळंच काहीतरी दिसतं. ते सगळं एका फाइलमध्ये कसं आणायचं, ते खाली क्रमाने सांगतो.

आधी हे डोक्यात पक्कं करा: कापडाला गुण मिळत नाहीत. लीड प्रमाणपत्र इमारतीला मिळतं, मालाला नाही. त्यामुळे 'लीड प्रमाणित मेम्ब्रेन' (मेम्ब्रेन म्हणजे छताचं कापड) असं कुणी सांगितलं, तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही जरा बारकाईने बघा.

इथे कापड म्हणताना मी चार प्रकार धरतो. पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर, हे सर्वात जास्त वापरलं जातं. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, लेप दिलेलं काचतंतूंचं कापड, हे महाग आणि टिकाऊ. ईटीएफई, ही खरं तर पारदर्शक प्लास्टिक फिल्म. तिच्या हवा भरलेल्या गाद्या करतात. आणि एचडीपीई या प्लास्टिकची विणलेली सावलीची जाळी. इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पती उद्यानाचे घुमट ईटीएफईचे आहेत, जेद्दाहच्या विमानतळावरचं हज टर्मिनल पीटीएफई-काचतंतूच्या २१० तंबूंचं. दोन्हीकडे 'कापडी छत' आहे, पण एक छत ऊन आत घेण्यासाठी आहे आणि दुसरं ते बाहेर ठेवण्यासाठी. गुणांचा सगळा हिशेब या फरकावर चालतो.

१. आवृत्ती आणि पात्रता आधी तपासा

या लेखातले आकडे लीडच्या चौथ्या आवृत्तीतल्या नव्या इमारतींच्या गटाचे आहेत. ४.१ मध्ये काय बदललं, ते जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगितलं आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये पाचवी आवृत्ती आली. तुमचा प्रकल्प कोणत्या आवृत्तीखाली नोंदवला आहे, ते नोंदणीच्या कागदावर बघा. कुणाच्या आठवणीवर जाऊ नका. ब्रीम, डीजीएनबी, ग्रीन स्टार, गृह या हरित प्रमाणपत्रांच्या इतर पद्धतींमध्येही प्रश्न बरेचसे असेच असतात, पण उंबरठे आणि गुणांची नावं वेगळी असतात.

लीडमध्ये एकूण ११० गुण असतात. ४० गुणांना साधं प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमचं उघडमीट होणारं छत ईटीएफईचं आहे आणि २०१७ मध्ये त्या स्टेडियमला ८८ गुणांवर प्लॅटिनम मिळालं. विक्रेते हे उदाहरण आवडीने देतात. ८८ मधले बहुतेक गुण पाणी, वीज, जागा, वाहतूक अशा गोष्टींतून आलेले असतात, हे मात्र सांगत नाहीत.

पात्रतेच्या दोन अटींवर कापडी बांधकामं अडतात. इमारत कायमच्या जागी उभी असली पाहिजे. हलवण्यासाठीच बनवलेला मंडप किंवा हंगामी तंबू चालत नाही. आणि किमान ९३ चौरस मीटर बांधीव क्षेत्र हवं. नुसतं उघडं पार्किंगचं छत ही स्वतंत्र इमारत म्हणून नोंदवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. तेच छत एखाद्या इमारतीच्या आवाराचा भाग असेल तर मात्र ते तिच्या खात्यात चांगली भर घालतं.

२. कापडाला एकच मुख्य काम द्या

छतावर पडणारं ऊन तीनच वाटांनी जातं. काही परत फिरतं, काही आरपार येतं, काही कापडात मुरतं. तिन्हींची बेरीज १००. पांढरं पीटीएफई-काचतंतू कापड ऊन साधारण ७० टक्क्यांच्या आसपास परत पाठवतं आणि उजेड १० ते १५ टक्के आत सोडतं. उजेड वाढवायला गेलात की परावर्तन घटतं. परावर्तन वाढवायला अपारदर्शक थराचं कापड घेतलंत की दिवसाच्या उजेडाचे गुण हातचे जातात.

म्हणून संकल्पचित्र तयार होण्याआधी, म्हणजे फॅब्रिकेटर ठरण्याच्याही आधी, एका ओळीत लिहून काढा: हे छत आवार थंड ठेवण्यासाठी आहे, आत उजेड आणण्यासाठी आहे, की पाणी गोळा करण्यासाठी? "सगळ्यासाठी" हे उत्तर आलं तर बैठक पुन्हा घ्या. पाणी आणि सावली एकत्र नांदतात. उजेड आणि सावलीचं मात्र जमत नाही.

३. उष्णता बेटाचे गुण: सर्वात खात्रीची जागा

कापडी छताचे सर्वात भरवशाचे गुण इथे आहेत, म्हणून इथे थोडं थांबू. उष्णता बेट म्हणजे छतं आणि फरसबंदी तापून आजूबाजूपेक्षा गरम झालेला भाग. तो कमी करण्याच्या, 'हीट आयलंड रिडक्शन' या गुणाचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दोन गुणांचा. आवारातली फरसबंदी आणि छत यांचं एकूण क्षेत्र काढायचं आणि त्याला पुरून उरेल इतकं थंड, म्हणजे ऊन परत पाठवणारं किंवा सावलीतलं, क्षेत्र दाखवायचं. थंड फरसबंदीचं किंवा सावलीतल्या फरसबंदीचं क्षेत्र ०.५ ने भागतात, थंड छताचं ०.७५ ने. या भागाकारांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी किंवा जास्त आली की गुण.

आकडे घालून बघा. इमारतीचं छत १,२०० चौरस मीटर, फरसबंदी आणि पार्किंग मिळून १,८०० चौरस मीटर. एकूण ३,०००. इमारतीचं सपाट छत अटीत बसणाऱ्या पांढऱ्या लेपाचं केलंत तर १,२०० भागिले ०.७५ म्हणजे १,६००. उरले १,४००. ते सावलीतून आणायचे तर १,४०० गुणिले ०.५, म्हणजे ७०० चौरस मीटर फरसबंदीवर कापडी छत. १,८०० पैकी ७०० झाकलं की काम झालं. हा हिशेब पहिल्याच बैठकीत मालकापुढे ठेवा. छत किती मोठं करायचं यावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरा मार्ग एका गुणाचा: पार्किंगच्या किमान ७५ टक्के जागा छताखाली. १२० गाड्यांची सोय असेल तर ९० जागा.

आता सापळे. सावली देणाऱ्या बांधकामाला लीड एसआर मागतं, म्हणजे सौर परावर्तन: तीन वर्षं जुन्या नमुन्याचं किमान ०.२८. जुन्याचा आकडा उपलब्ध नसेल तर नव्याचं ०.३३. पार्किंगच्या मार्गात मात्र छताला एसआरआय मागतं, म्हणजे परावर्तन निर्देशांक: तीन वर्षांनंतरचा ३२, तो नसेल तर नव्याचा ३९. एसआर शून्य ते एकच्या पट्टीवर असतो. एसआरआयमध्ये ठरावीक काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला शंभर धरतात. डेटाशीटवर '०.२८' च्या शेजारी '२८' दिसलं की लोक गोंधळतात आणि एकाच्या जागी दुसरा आकडा भरून टाकतात. परीक्षकाच्या नजरेतून ही चूक सुटत नाही.

इमारतीचंच छत मेम्ब्रेनचं असेल तर उताराकडे बघा. २:१२ पर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेनऊ अंशांपर्यंतच्या उताराला नवा एसआरआय ८२ आणि तीन वर्षांनंतर ६४ लागतो. त्याहून तीव्र उताराला ३९ आणि ३२ पुरतो. पाणी साचू नये म्हणून टेन्साइल छतं बहुधा उताराचीच असतात, तेव्हा सोपा उंबरठा लागू होतो. पण शंकूच्या आकाराच्या छताचा उतार जागोजागी बदलतो. कडेचा भाग सपाट झाला असेल तर त्याचं क्षेत्र वेगळं काढून दाखवा.

जाळी घेत असाल तर आणखी एक घोटाळा. विक्रेता '९० टक्के' सांगतो तो सावलीचा आकडा, परावर्तनाचा नाही. गडद हिरवी जाळी ९० टक्के सावली देईलही, पण तिचं परावर्तन ०.२८ च्या आसपासही नसेल. फिक्या रंगाची घ्या आणि चाचणी अहवाल मागा.

आणि सर्वात सूक्ष्म गोष्ट. उजेड आरपार सोडणाऱ्या कापडाचं परावर्तन मोजताना त्याच्या मागे काय ठेवलं होतं, हे अहवालात लिहिलेलं हवं. मागे पांढरी पाटी असेल तर आरपार गेलेला प्रकाश तिथून परत येतो आणि आकडा फुगतो. एसआरआयच्या सूत्रातही जे परत फिरलं नाही ते मुरलं असंच धरलेलं असतं. आरपार जाणाऱ्या हिश्श्याला तिथे जागाच नाही. म्हणून प्रयोगशाळेकडून परावर्तन आणि पारगमन (आरपार जाण्याचं प्रमाण) हे दोन्ही आकडे एएसटीएम ई ९०३ या चाचणी मानकाप्रमाणे मागा, उत्सर्जकता (तापलेला पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो) एएसटीएम सी १३७१ प्रमाणे, आणि एसआरआय काढण्याची पद्धत एएसटीएम ई १९८०. तिन्ही एकाच नमुन्याच्या, त्याच रंगाच्या, त्याच जाडीच्या.

तीन वर्षं जुन्या नमुन्याचा अहवाल निम्म्या पुरवठादारांकडे नसतो. म्हणून निविदेतच ती अट घाला. नंतर मागितलात तर "पाठवतो" या उत्तरावर आठवडे निघून जातात.

४. दिवसाचा उजेड: दिसतो तितका सोपा नाही

मेम्ब्रेनखाली उभं राहिलं की मऊ, एकसारखा उजेड असतो, त्यामुळे हे गुण घरबसल्या मिळतील असं वाटतं. पण लीडला नुसता भरपूर उजेड नको आहे, तो मर्यादेतला हवा आहे.

प्रकाश पातळीच्या हिशेबाच्या मार्गात, विषुवदिनाच्या सुमारास निरभ्र आकाश धरून सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता कामाच्या टेबलाच्या उंचीवर ३०० ते ३,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असावेत अशी अट आहे. बाहेर ५०,००० लक्स असताना १२ टक्के पारगमनाचं कापड पूर्ण छतभर लावलंत तर खाली ६,००० लक्सच्या घरात उजेड येतो. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. कमी पारगमनाचं कापड घ्या, किंवा छताचा काही भागच मेम्ब्रेनचा ठेवा. अनेक प्रकल्पांत दुसरा पर्याय जास्त शहाणपणाचा ठरतो, कारण त्यात ऊर्जेचा हिशेबही सुधारतो.

वर्षभराच्या सिम्युलेशनचा मार्ग घेतलात तर दोन आकडे येतात. एक एसडीए: वापराच्या निम्म्याहून जास्त तासांत ३०० लक्स मिळणारं क्षेत्र. चौथ्या आवृत्तीत ते ५५ टक्के असेल तर दोन गुण, ७५ टक्के असेल तर तीन. दुसरा एएसई: वर्षात २५० तासांहून जास्त वेळ १,००० लक्सपेक्षा जास्त थेट ऊन पडणारं क्षेत्र. हे १० टक्क्यांच्या आत हवं. ४.१ मध्ये १० टक्के ओलांडले तरी चकाकी कशी आवरणार याचं टिपण देऊन पुढे जाता येतं.

इथला सापळा संगणकात आहे. मॉडेल करणारा बहुतेक वेळा काचेच्या इमारतींना सरावलेला असतो. तो मेम्ब्रेनला 'ग्लास' हा पदार्थ लावतो आणि पारगमन १२ टक्के भरतो. झालं! आता मॉडेलमधलं ऊन काचेतून यावं तसं सरळ रेषेत जमिनीवर पडतं आणि एएसई भलताच चढतो. प्रत्यक्षात मेम्ब्रेन ऊन पसरवून सोडतं, खाली थेट किरण जवळजवळ नसतोच. उजेडाचा हिशेब करणाऱ्या रेडियन्स या संगणकीय इंजिनात यासाठी 'ट्रान्स' नावाचा वेगळा पदार्थ आहे. त्यात पसरलेलं आणि थेट पारगमन वेगवेगळं भरता येतं. मॉडेल करणाऱ्याला पहिल्या दिवशी हा एकच प्रश्न विचारा: "मेम्ब्रेनला कोणता पदार्थ लावलाय?" पारदर्शक ईटीएफईची गोष्ट उलटी. तिच्यातून थेट ऊन खरंच येतं, म्हणून तिच्यावर छापलेले ठिपके मॉडेलमध्ये दाखवावे लागतात.

दृश्यांच्या गुणासाठी मेम्ब्रेनची भिंत धरू नका. 'क्वालिटी व्ह्यूज' मध्ये बाहेरचं स्पष्ट चित्र दिसलं पाहिजे. दुधी उजेडाला तिथे गुण नाही.

५. ऊर्जा: इथे बढाई मारू नका

एकेरी मेम्ब्रेनचं यू-मूल्य (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला) ५.५ ते ६ वॉट प्रति चौरस मीटर केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे एकेरी काचेइतकंच. दोन थरांची ईटीएफई गादी साधारण ३ वर येते, तीन थरांची २ च्या जवळ. चांगल्या उष्णतारोधक छताशी यातलं काहीच बरोबरी करत नाही. त्यामुळे वातानुकूलित जागेवर एकेरी मेम्ब्रेन टाकून ऊर्जेचे गुण मिळवण्याची भाषा कुणी केली, तर सिम्युलेशन करून दाखवायला सांगा.

लीडमध्ये तुमच्या इमारतीची तुलना एका ठरावीक मूळ इमारतीशी होते, ती एएसएचआरएई ९०.१ या ऊर्जा मानकाच्या परिशिष्ट जी प्रमाणे. चौथ्या आवृत्तीत २०१० चं मानक, ४.१ मध्ये २०१६ चं. उजेड सोडणारं छत हिशेबात स्कायलाइट, म्हणजे छतातली खिडकी, म्हणून येतं, आणि तुलनेसाठी धरलेल्या मूळ इमारतीत स्कायलाइटच्या क्षेत्राला मर्यादा असते. म्हणजे तुमचं छतभर मेम्ब्रेन एका बऱ्यापैकी बंदिस्त, उष्णतारोधक छताच्या इमारतीशी झुंजतं. दिव्यांची वीज वाचते, पण ती वाचलेली दाखवायला उजेडाप्रमाणे मंदावणारे दिवे बसवलेले हवेत. ते नसतील तर मॉडेलमध्ये बचत शून्य.

कापडाचा ऊर्जेतला खरा फायदा उघड्या किंवा अर्ध्या उघड्या जागांत आहे. प्रतीक्षालय, फेऱ्यांच्या वाटा, खेळाचं मैदान: जिथे यंत्राने थंड करण्याची गरजच काढून टाकता येते. तसंच काचेच्या भिंतीबाहेर लावलेली मेम्ब्रेनची छाया. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडतं, आणि मॉडेलमध्ये ते बाह्य सावली म्हणून सरळ भरता येतं.

६. पावसाचं पाणी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ४०० चौरस मीटरच्या छतावर ५० मिलिमीटर पडला तर २०,००० लिटर. पहिलं धुऊन जाणारं पाणी आणि गळती वजा करून ९० टक्के धरा, १८,००० लिटर. यात क्षेत्र धरायचं ते वरून दिसणाऱ्या सावलीचं. फॅब्रिकेटरच्या बिलावर वक्र कापडाचं क्षेत्र असतं, ते नेहमी जास्त येतं. बिलातला आकडा उचलून टाकीचा हिशेब केलेला मी अनेकदा परत पाठवला आहे.

छत स्वतः पाणी मुरवत नाही, उलट जवळजवळ सगळं वाहून देतं. म्हणून गुण टाकीला किंवा खाली केलेल्या मुरवण्याच्या खड्ड्याला आहे, छताला नाही. चौथ्या आवृत्तीत ९५ व्या पर्सेंटाइलचा (म्हणजे ९५ टक्के वेळा ज्याहून जास्त पडत नाही तो) पाऊस आवारात जिरवला तर दोन गुण, ९८ व्याला तीन, ४.१ मध्ये उंबरठे खाली आणले आहेत. उलट्या छत्रीसारखं छत पाणी मधल्या खांबातून खाली आणतं, ते या कामाला सोयीचं. मात्र मधलं तोंड कचऱ्याने तुंबलं की पाणी साचून कापड ताणलं जातं, त्यामुळे जाळी आणि साफसफाईची तरतूद नकाशात दाखवा.

७. साहित्याचे गुण: हलकं छत, जड पाया

मेम्ब्रेनचं वजन चौरस मीटरला साधारण एक ते दीड किलो; ६ मिलिमीटर काच १५ किलो. २०० मायक्रॉन ईटीएफई फिल्म तर ३५० ग्रॅमच. हे आकडे ऐकून सगळे खूश होतात. पण कापडी छताला भीती वजनाची नसते, वाऱ्याने उचलण्याची असते. वारा छत वर खेचतो, केबल ते ओढणं पायापर्यंत आणतात, आणि पाया उपटू नये म्हणून तिथे काँक्रीट ओतावं लागतं. छताच्या कार्बनच्या हिशेबात मोठा वाटा कापडाचा नसून मास्टच्या, म्हणजे छत उचलून धरणाऱ्या खांबांच्या, पोलादाचा आणि पायाच्या काँक्रीटचा निघतो. म्हणून जीवनचक्राच्या (माल बनवण्यापासून टाकून देण्यापर्यंतच्या परिणामांच्या) अहवालात फक्त कापड दाखवून पाया विसरू नका. परीक्षक विचारतोच.

संपूर्ण इमारतीच्या जीवनचक्र मूल्यमापनाला चौथ्या आवृत्तीत तीन गुण आहेत. पर्यावरणावरच्या सहापैकी किमान तीन परिणामांत १० टक्के घट हवी, त्यातला एक हवामानबदलाचा असलाच पाहिजे, आणि कोणताही परिणाम ५ टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. कालावधी किमान ६० वर्षं धरायचा. इथेच पीव्हीसी-पॉलिएस्टरचं पितळ उघडं पडतं. त्याचं आयुष्य १० ते २० वर्षं, म्हणजे ६० वर्षांत ते दोन ते पाच वेळा बदलावं लागणार. पीटीएफई-काचतंतू २५-३० वर्षं आरामात टिकतं, एक-दोनदाच बदलायचं. स्वस्त कापड घेऊन या गुणामागे धावणं बहुतेक वेळा फुकट जातं.

ईपीडीचा, म्हणजे उत्पादकाने मालाचे पर्यावरणावरचे परिणाम जाहीर केलेल्या पत्रकाचा, गुण सोपा आहे, पण त्यात छताचा हिस्सा छोटा. किमान पाच उत्पादकांचे २० पदार्थ लागतात. मेम्ब्रेन त्यातला एक, केबलचं पोलाद दुसरा. ईपीडी त्याच कारखान्याची, त्याच मालाची आणि मुदतीतली आहे ना, बघा. उद्योगसंघाची सरसकट ईपीडी चौथ्या आवृत्तीत अर्ध्या पदार्थाइतकी धरली जाते.

मालात काय काय आहे ते उघड करण्याच्या गुणात पीव्हीसी अडचणीचं. मऊपणासाठी त्यात प्लॅस्टिसायझर ही रसायनं असतात, जुन्या प्रकारच्या मालात त्यातलंच थॅलेट. थॅलेटमुक्त माल मिळतो, पण लेखी घ्या. लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज या दुसऱ्या हरित प्रमाणपत्राच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे टाळायच्या पदार्थांच्या यादीत, पीव्हीसीच आहे, तेव्हा मालकाला ते प्रमाणपत्रही हवं असेल तर आधीच सांगा. पीटीएफई आणि ईटीएफई निर्धोक समजू नका. दोन्ही फ्लोरोपॉलिमर (फ्लोरिनयुक्त प्लास्टिक), आणि २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी पीएफएएस या निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर मांडलेल्या निर्बंधाच्या प्रस्तावात हा गट येतो. ईटीएफई वितळवून पुन्हा वापरता येते, पीटीएफईचा लेप काचतंतूपासून वेगळा करणं मात्र कठीण.

८. जिथे छत गुण घालवतं

रात्री खालून दिवे मारून छत उजळवायचं, ही प्रत्येक मालकाची हौस. उघड्या छताखालचे दिवे बाहेरचे दिवे धरले जातात आणि वर तोंड केलेला दिवा प्रकाश प्रदूषणाच्या गुणात अडतो. दिव्यांची योजना ठरवणाऱ्याला हे आधी सांगा.

आवाजही तसाच. हलकं कापड बाहेरचा गोंगाट अडवत नाही आणि जोराच्या पावसात स्वतः वाजतं. वर्गखोल्या किंवा दवाखाना असेल तर ध्वनीचा गुण यादीतून काढूनच टाका, किंवा आत दुसरा थर धरा. आतल्या मेम्ब्रेनला आणि चिकटवण्याच्या मालाला उत्सर्जनाची चाचणी लागते. बाहेरच्या छताला बहुधा नाही.

९. जमवायचे कागद

निविदेच्या आधी फॅब्रिकेटरला ही यादी द्या आणि सही घ्या:

- मालाचं पूर्ण नाव, प्रकार, रंग, जाडी, वरचा लेप. बिलावर आणि अहवालावर तेच नाव
- परावर्तन, पारगमन, उत्सर्जकता आणि एसआरआयचे अहवाल, नवे आणि तीन वर्षांनंतरचे, नमुन्याच्या मागे काय होतं या नोंदीसह
- दृश्य प्रकाशाचं पारगमन, पसरलेलं आणि थेट वेगळं
- ईपीडी, घटकांची यादी, थॅलेटबद्दल लेखी हमी
- आगीच्या चाचणीचा अहवाल. हा गुणासाठी लागत नाही, पण परवानगीसाठी लागतोच
- वरून दिसणाऱ्या क्षेत्राचा नकाशा, उतार लिहिलेला
- हमीचा कालावधी आणि बदलण्याचं वेळापत्रक
- पोलाद, केबल आणि पायाचं वजन, टनांत

क्षेत्राचा नकाशा आर्किटेक्टकडून वेगळा काढून घ्या. फॅब्रिकेटरच्या शिलाईच्या नकाशात पट्ट्यांची कापणी असते. ती बघून परीक्षकाला क्षेत्र कळत नाही.

१०. अर्ज आणि परीक्षकाचे प्रश्न

लीडमध्ये आराखड्याचे गुण आणि बांधकामाचे गुण दोन टप्प्यांत पाठवता येतात. उष्णता बेट, उजेड आणि पाणी आराखड्याच्या टप्प्यात पाठवा. प्राथमिक पाहणीतून येणारे प्रश्न वेळेत मिळतात आणि कापड अजून मागवलेलं नसेल तर बदलही करता येतो. साहित्याचे गुण बांधकाम झाल्यावरच जातात, कारण त्यांना बिलं लागतात.

प्रश्न आला की तोच कागद पुन्हा पाठवू नका. प्रश्नाची ओळ उचला, खाली एका वाक्यात उत्तर द्या आणि कागदातली नेमकी जागा खुणेने दाखवा. मेम्ब्रेनबद्दल हमखास विचारलं जातं ते हे: सावलीचं क्षेत्र कसं मोजलं, आकडा नव्याचा की जुन्याचा, छत कायमचं आहे का. उघडमीट होणाऱ्या छत्र्या असतील तर त्या वर्षातून किती काळ उघड्या राहणार याचं टिपण आधीच जोडा. अशा छत्र्या सावलीच्या हिशेबात धरायच्या की नाही, ते अर्जाआधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

शेवटच्या पाहणीनंतर गुण नाकारला तर अपील करता येतं, पण त्याची फी असते. एका गुणासाठी ती भरण्याआधी यादीत दुसरीकडे सहज मिळणारा गुण राहून गेलाय का, ते बघा. आणि साइटवर कापड आलं की गुंडाळीचं लेबल, बॅच क्रमांक दिसेल असा फोटो काढून फाइलमध्ये ठेवा. बदली माल आला असेल तर तो तिथेच सापडतो, छत ताणून झाल्यावर नाही.